परदेशी कर-निवासाची पॅकेजेस: पुण्यात काय विकलं जातं आणि त्यातलं घेण्याजोगं किती

शनिवारी सकाळी सेनापती बापट रस्त्यावर नाहीतर कोरेगाव पार्कात एखाद्या हॉटेलचा छोटा हॉल, चहा-नाश्ता फुकट आणि पडद्यावर तीन झेंडे: दुबई, इटली, ब्रिटन. पुण्यात विकल्या जाणाऱ्या या सेवेचं नाव दर कार्यालयात वेगळं असतं, माल साधारण तोच असतो. ग्राहकही ठरलेले. हिंजवडी-खराडीतल्या नोकरीत कंपनीचे शेअर मिळून पैसा झालेले, भोसरी-चाकणचा कारखाना विकून मोकळे झालेले, आणि पंधरा वर्षं बाहेर काढून बाणेर-औंधला परतायच्या तयारीत असलेले. पॅकेजमध्ये सहसा चार गोष्टी येतात: कुठल्या देशात किती दिवस राहायचं याचा तक्ता, त्या देशाच्या सवलतीचा अर्ज, कर-निवासाचा दाखला म्हणजे टीआरसी, आणि दोन्हीकडची विवरणपत्रं.

निकाल आधीच सांगतो. दिवसांचा तक्ता आणि विवरणपत्रं यांसाठी पैसे मोजावेत, ते काम खरंच किचकट आहे. ‘शून्य कर’ या शब्दांसाठी एक रुपयाही मोजू नये. श्रीमंत परदेशी रहिवाशांना दिलेली कुठलीही सवलत हे त्या सरकारचं ठरावीक मुदतीचं आश्वासन असतं, आणि मुदत संपायच्या आत सरकारचं मन बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून पॅकेज तपासताना ‘किती वाचेल’ याआधी ‘सवलत गेली तर बाहेर पडायला काय पडेल’ हे विचारायला हवं. चर्चासत्रात या प्रश्नाला सहसा वेळ उरत नाही.

परतणाऱ्यांसाठी: फुकटची सवलत आधी

भारताकडे स्वतःची अशी सवलत आहे आणि तिला फी नाही, अर्ज नाही, किमान गुंतवणूक नाही. आरएनओआर, म्हणजे निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून भारतातले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील, तर निवासी झाल्यावरही परदेशातलं भाडं, लाभांश, व्याज, शेअरविक्रीचा नफा यांवर इथे कर नाही. अपवाद भारतातून चालवलेल्या धंद्याचा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण दिवसांचं हे गणित तेच आहे. चाकणच्या जर्मन मोटार कंपन्यांत बदलीवर येणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यालाही पहिली दोन-तीन वर्षं हाच नियम लागतो. त्याच्या म्युनिकच्या फ्लॅटचं भाडं इथे करपात्र नसतं. भारतात केलेल्या कामाचा पगार मात्र जर्मनीत जमा झाला तरी भारतातलाच धरला जातो.

पुण्यातली पॅकेजेस इथे एक मुहूर्त विकतात: ‘१ फेब्रुवारीनंतरच या.’ त्यामागचा तर्क असा की वर्षात ६० दिवस आणि मागच्या ४ वर्षांत ३६५ दिवस भारतात झाले तर माणूस निवासी ठरतो. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च हे ५९ दिवस होतात, म्हणजे एका दिवसाने सुटका. लीप वर्षात तेच ६० होतात, तेव्हा हा मुहूर्त तसाही चुकतो. पण खरी गोष्ट पुढेच आहे. वर्षाला महिनाभर सुट्टीवर येणाऱ्याचे ४ वर्षांत जेमतेम १२० दिवस भरतात. ३६५ ची अट पुरी होत नाही, म्हणून ६० दिवसांचा नियम त्याला लागतच नाही. त्याच्यासाठी एकच आकडा महत्त्वाचा, १८२. लीप वर्ष नसेल आणि त्या वर्षात आधी चक्कर झाली नसेल तर २ ऑक्टोबरला उतरलेला माणूस १८१ दिवसांवर थांबतो आणि त्या वर्षापुरता अनिवासी राहतो. १ ऑक्टोबरला उतरला तर बरोबर १८२, म्हणजे निवासी. पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरायचा की नाही यावर वाद झालेले आहेत. दोन्ही धरूनच मोजावं.

आता निवासी ठरलं म्हणून बिघडतं काय, तेही पाहू. एक जण १२ वर्षं लंडनमध्ये होता, दर वर्षी ३० दिवस पुण्यात येई, आणि १५ सप्टेंबर २०२६ ला कायमचा परतला. २०२६-२७ मध्ये त्याचे १९८ दिवस झाले: निवासी, पण आरएनओआर. २०२७-२८ लाही १० पैकी ९ वर्षं अनिवासी असल्याने आरएनओआर. २०२८-२९ ला पहिली कसोटी तुटते, पण दुसरी टिकते: १९८ अधिक ३६६, अधिक त्याआधीच्या ५ वर्षांच्या सुट्ट्यांचे १५०, एकूण ७१४. मर्यादा ७२९. म्हणजे ३१ मार्च २०२९ पर्यंत सवलत. तोच माणूस सल्लागाराचं ऐकून १ फेब्रुवारी २०२७ पर्यंत थांबला तर? २०२६-२७ ला अनिवासी, पुढची दोन वर्षं आरएनओआर, आणि शेवट पुन्हा ३१ मार्च २०२९. साडेचार महिने लंडनचं घरभाडं भरून मिळालं काय, तर काहीच नाही. ज्यांच्या आधीच्या फेऱ्या जास्त आहेत, म्हणजे या उदाहरणात ५ वर्षांत १६५ दिवसांच्या वर, त्यांना मात्र तिसरं वर्ष गमवावं लागतं आणि मग थांबण्याला अर्थ येतो. हे गणित वीस ओळींच्या एक्सेलमध्ये मांडता येतं. पॅकेजवाल्याने ते तुमच्या पासपोर्टवरून न मांडता मुहूर्त सांगितला, तर त्याने तुमचं काम केलेलं नाही.

आरएनओआर असताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं, परदेशी उत्पन्नाची पहिली जमा भारतात होणं. लंडनच्या भाडेकरूने भाडं थेट पुण्याच्या खात्यात पाठवलं की ते ‘भारतात मिळालेलं’ उत्पन्न होतं आणि सवलत गेली. तेच भाडं आधी लंडनच्या खात्यात जमा करून नंतर इकडे आणलं तर कर नाही. दुसरं घसरणं एनआरई खात्याचं, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या रुपया-खात्याचं. आयकराची आणि फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, निवासाची व्याख्या वेगळी आहे. कायमचं राहायला आलात की फेमाच्या नजरेत तुम्ही लगेच निवासी होता, आणि एनआरई व्याजाची करमाफी त्या फेमा-दर्जावर टांगलेली असते. आयकरात आरएनओआर असलात तरी एनआरई ठेवीचं व्याज करपात्र होतं. आरएफसी, म्हणजे परतलेल्या निवासीच्या परकीय चलन खात्यातल्या ठेवींचं व्याज मात्र आरएनओआर असेपर्यंत माफ असतं, शिवाय एफसीएनआर, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात ठेवलेल्या मुदत ठेवीही मुदतीपर्यंत तशाच चालू ठेवता येतात. म्हणून परतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बँकेत जाऊन खाती बदलून घ्यायची. बँक स्वतःहून आठवण करत नाही. पॅकेजच्या यादीत ही ओळ आहे का ते बघा, बऱ्याच याद्यांत नसते.

आरएनओआरची मुदत संपली की परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, भरावाच लागतो, आणि तो आर्थिक वर्षाचा नव्हे तर ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा असतो. राहून गेलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली. दुबईचा फ्लॅट त्या सुटीत बसत नाही.

दुबई: व्हिसा म्हणजे कर-निवास नव्हे

सगळ्यात जास्त खपणारा माल हाच, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त. २० लाख दिरहमची मालमत्ता घेतली की १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, इथवर खरं. तो व्हिसा म्हणजे राहण्याची परवानगी. करासाठी निवासी ठरायला दिवस लागतात. अमिरातीच्या स्वतःच्या नियमात, २०२२ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार, १८३ दिवस किंवा काही अटींवर ९० दिवसही चालतात. चर्चासत्रात हे ९० दिवस मोठ्या अक्षरात दाखवतात. पण दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमिरात करारात व्यक्तीसाठी कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांची अट आहे. कराराचा फायदा भारतात मागायचा असेल तर ९० दिवसांचा उपयोग नाही. शिवाय आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे आपल्या एका वर्षासाठी त्यांचे दोन दाखले जवळ ठेवावे लागतात.

कराराचा फायदा म्हणजे मुख्यतः म्युच्युअल फंड. करारात शेअरविक्रीच्या नफ्यावर कर लावायचा हक्क भारताकडे आहे, पण फंडाची युनिट म्हणजे शेअर नव्हे, आणि उरलेल्या मालमत्तेचा हक्क राहत्या देशाकडे जातो. आयकर अपीली न्यायाधिकरणाच्या अनेक निकालांनी हे मान्य केलं आहे. अमिरातीत वैयक्तिक आयकर नाही, म्हणून नफ्यावर दोन्हीकडे शून्य. फंड कंपनी तरीही टीडीएस कापते. तो विवरणपत्र भरून परत मागावा लागतो, सोबत टीआरसी आणि करारासाठीचा फॉर्म, जो जुन्या नियमांत १०एफ होता. हे काम पॅकेजमध्ये असेल तर ते खरंच पैशांचं काम आहे. फक्त हा दरवाजा कायमचा उघडा आहे असं धरू नये. मॉरिशसच्या कराराची अशीच वाट २०१६ मध्ये बदलली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारताने आपला हक्क परत घेतला.

आता पैसे पाठवण्याचं गणित. २० लाख दिरहम म्हणजे सुमारे ५ लाख ४५ हजार डॉलर. निवासींना परदेशी पैसा पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, एलआरएसची, मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. नवरा-बायकोचे मिळून ५ लाख होतात, म्हणजे एका आर्थिक वर्षात दोघांचं भागत नाही. तिसरा सज्ञान सदस्य सहमालक म्हणून घ्यावा लागतो, किंवा थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये पाठवावे लागतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल केलेला कर, कापला जातो. तो नंतर करात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. घाई नसेल तर आधी अनिवासी होऊन मग एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातून पाठवणं सोपं, तिथे मर्यादा वर्षाला १० लाख डॉलर आणि टीसीएस नाही. बिल्डरने देऊ केलेल्या लांब हप्त्यांच्या योजनेवर निवासी भारतीयाने घर घेणं फेमाच्या दृष्टीने वादाचं आहे. त्या योजनेचं माहितीपत्रक सल्लागारच हातात देत असेल तर त्याला दलाली कोण देतं हे उघड आहे.

उलट बाजूने घाबरवण्यासाठी वापरतात ते ‘मानीव निवासी’चं कलम. भारतीय नागरिक, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर, आणि कुठल्याच देशात करदायित्व नाही, तर तो निवासी मानला जातो. हे २०२० पासून आहे. पण त्यातून मिळणारा दर्जा आरएनओआरचाच, म्हणजे परदेशी उत्पन्न तरीही बाहेर. फटका बसतो तो दुबईत नावापुरती कंपनी काढून तिचे निर्णय पुण्यातल्या फोनवरून घेणाऱ्याला, कारण तो धंदा भारतातून चालवलेला ठरतो. तसंच १५ लाखांवरच्या भारतीयाला भेटीवर येताना १८२ ऐवजी १२० दिवसांचा नियम लक्षात ठेवावा लागतो, मागच्या ४ वर्षांत ३६५ दिवस झाले असतील तर.

ब्रिटन: चार वर्षांची चौकट

परदेशी उत्पन्न ब्रिटनमध्ये आणलं तरच कर, अशी तिथली ‘नॉन-डोम’ पद्धत, ज्यांचं कायमचं घर ब्रिटनबाहेर मानलं जातं अशा रहिवाशांसाठी. तिची मुळं १७९९ च्या आयकरापर्यंत जातात आणि ६ एप्रिल २०२५ ला ती संपली. मराठी वाचकाला ती आठवत असेल २०२२ मुळे. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचा लाभांश, त्यावरचा ब्रिटिश कर, आणि त्या वेळचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्या पत्नी अक्षता मूर्ती. वर्षाला ३० हजार पौंड शुल्क भरून हा दर्जा वापरता येत होता. गदारोळ झाल्यावर त्यांनी जगभरच्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरायचं जाहीर केलं. तीन वर्षांत ती पद्धतच गेली.

तिच्या जागी आलेली एफआयजी, म्हणजे परदेशी उत्पन्न आणि नफ्याची पद्धत पॅकेजमध्ये ‘४ वर्षं करमुक्त’ म्हणून येते. अट अशी की त्याआधी सलग १० कर-वर्षं तुम्ही ब्रिटनचे रहिवासी नसावं. २०१७-१८ ला लीड्स किंवा मँचेस्टरला एमएससी करून परत आलेला मुलगा २०२६ मध्ये नोकरीवर गेला तर तो यात बसत नाही, त्याचं शिक्षणाचं वर्ष आड येतं. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा.

बसत असाल तरी हिशेब करा. एफआयजीचा दावा केलेल्या वर्षात १२,५७० पौंडांची वैयक्तिक सूट आणि भांडवली नफ्यावरची ३,००० पौंडांची सूट जाते. ४० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला सूट गेल्याने ५,०२८ पौंड जास्त पडतात. त्याचं भारतातलं उत्पन्न एनआरओ ठेवीच्या व्याजाचं असेल आणि करारानुसार १५ टक्के इथे कापले जात असतील, तर ब्रिटनचा वरचा भार २५ टक्के. म्हणजे व्याज २०,१०० पौंडांच्या आसपास गेल्याशिवाय दावा फायद्याचा नाही. एनआरई व्याजावर इथे कर नाही, म्हणून तिथे पूर्ण ४० टक्के लागतात, तेव्हा १२,५७० पौंडांपासूनच फायदा. आणि पगारच १,२५,१४० पौंडांच्या वर असेल तर वैयक्तिक सूट तशीही शून्य झालेली असते, दावा बिनधास्त करावा. निर्णय दर वर्षी वेगळा घेता येतो, हे पॅकेजवाले सांगत नाहीत कारण त्यांची फी चार वर्षांची एकदम घेतलेली असते.

चार वर्षांनंतर भारतीय म्युच्युअल फंड दुखायला लागतात. ब्रिटनच्या यादीतला ‘रिपोर्टिंग फंड’ नसेल तर नफा भांडवली न धरता उत्पन्न धरतात, दर ४५ टक्क्यांपर्यंत. पीपीएफचं व्याजही तिथे माफ नाही. नव्याने येणाऱ्याला जुन्या खरेदीची किंमत आजच्या भावाने बदलून मिळत नाही. त्यामुळे चौथं वर्ष संपायच्या आत विकून नफा वसूल करायचा, तीच युनिट ३० दिवसांच्या आत परत न घेण्याचा नियम सांभाळायचा, आणि भारतातला कर द्यायचा तो वेगळा.

वारसा कर हा सल्लागाराची परीक्षा घेण्याचा उत्तम विषय आहे. ब्रिटनमध्ये आता २० पैकी १० वर्षं राहिलं की जगभरची मालमत्ता ४० टक्के वारसा कराच्या कक्षेत येते, ३ लाख २५ हजार पौंडांच्या वर. म्हणजे कोथरूडचा बंगला आणि मुळशीची जमीनसुद्धा. पण भारत-ब्रिटन यांच्यात १९५६ चा इस्टेट ड्युटी करार आहे. भारताने आपला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द केला, करार राहिला. मृत्यूच्या वेळी भारतीय कायद्यानुसार भारतात अधिवास (डोमिसाइल, म्हणजे कायद्याने कायमचं मानलेलं घर) असेल, तर ब्रिटनबाहेरची मालमत्ता वाचते. मात्र ती ब्रिटिश कायद्याच्या मृत्युपत्राखाली जाऊ नये. म्हणून भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र इथे, वेगळं करायचं. हयातीत दिलेल्या भेटवस्तू-देणग्या आणि ट्रस्ट यांना हे कवच नाही. ज्याला हा करार माहीत नाही त्याच्याकडून ब्रिटनचं पॅकेज घेऊ नये.

इटली, पोर्तुगाल

इटलीचा ठोक कर २०१७ ला आला. आधीच्या १० पैकी ९ वर्षं बाहेर असलेल्याने वर्षाला १ लाख युरो भरायचे, परदेशी उत्पन्न कितीही असो, १५ वर्षं. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्यांसाठी ते २ लाख झाले. पुढे २०२६ च्या अर्थसंकल्पाने ते ३ लाख केले. बिल्डरच्या प्री-लाँच भावासारखं आहे हे: आधी आलेल्याला जुना दर. पुण्यातल्या बहुतेक ग्राहकांना हा माल लागू नाही. गुंतवणुकीच्या उत्पन्नावर इटलीचा नेहमीचा दर २६ टक्के. म्हणजे २ लाखांच्या दरानेही वार्षिक परदेशी लाभांश-व्याज ७ लाख ७० हजार युरोंच्या वर असेल तरच ठोक कर परवडतो. त्यात भारतात कापलेला कर या ठोक रकमेतून वजा होत नाही, तो वरून पडतो. भारत वगळून बाकी देशांपुरता पर्याय घेता येतो, पण उत्पन्नच बहुतेक भारतातलं असेल तर मग कशासाठी?

पोर्तुगालची २००९ ची योजना २०२४ पासून नव्यांना बंद झाली. तिच्या जागी संशोधन-तंत्रज्ञानाच्या ठरावीक कामांपुरती योजना आली. कुणी अजून निवृत्तांसाठी पोर्तुगाल विकत असेल तर माहितीपत्रक जुनं आहे.

या सवलतींचं त्या देशांत काय होतं

ग्राहकाला अर्थशास्त्र कशाला, असं वाटेल. पण सवलत टिकेल की नाही हे त्यावरच ठरतं. सवलत देणारं सरकार ज्या उत्पन्नावर एरवी त्याला काहीच मिळालं नसतं त्यावर थोडं घेतं, आणि त्या माणसाचा खर्च, घर, नोकर, स्थानिक कर हे वर मिळवतं. तोट्यात तेव्हा जातं जेव्हा जो माणूस तसाही आला असता त्यालाच सूट मिळते. म्हणून खरा प्रश्न: सवलत काढली तर किती जातात?

पगारदार तज्ज्ञांच्या बाबतीत डेन्मार्कचा पुरावा भक्कम आहे. तिथे १९९१ च्या योजनेने जास्त पगाराच्या परदेशी लोकांना तीन वर्षं कमी दर दिला, आणि त्या पगारपट्ट्यातल्या परदेशींची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, असं क्लेव्हन, लँडे, साएझ आणि शुल्ट्झ यांच्या अभ्यासात दिसलं. नोकरी करणारा माणूस करासाठी खरंच हलतो. आधीच मुळं रुजलेल्या श्रीमंतांचं तसं नाही. स्वित्झर्लंडच्या झुरिक कँटनने, म्हणजे प्रांताने, २००९ च्या जनमताने खर्चावर आधारित ठोक कर रद्द केला. सुमारे निम्मे लाभार्थी निघून गेले, पण बरेचसे शेजारच्या कँटनमध्ये, आणि राहिलेल्यांनी पूर्ण कर भरल्यामुळे तिजोरीचं फार बिघडलं नाही. तरीही २०१४ च्या देशव्यापी जनमतात स्विस मतदारांनी ती पद्धत सुमारे ५९ टक्क्यांनी राखली. ज्या गावांचा अर्धा खर्च अशा दोन-चार जणांवर चालतो तिथे सिद्धांत कामाला येत नाही.

ब्रिटनमध्ये २०२२-२३ साली सुमारे ७४ हजार नॉन-डोम होते आणि ते सुमारे ९ अब्ज पौंड कर भरत होते. वॉरिक विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलं की सवलत काढल्यास वर्षाला ३.२ अब्ज पौंड जास्त मिळतील आणि जाणारे फारच थोडे असतील. सरकारच्या अंदाज-कार्यालयाने, ओबीआरने, पुढे जास्त सावध धरलं: ट्रस्ट नसलेल्यांपैकी १२ टक्के आणि ट्रस्ट असलेल्यांपैकी २५ टक्के जातील, तरी पाच वर्षांत सुमारे ३४ अब्ज पौंड येतील. आमच्या मते जुन्या ब्रिटिश पद्धतीचा सगळ्यात वाईट परिणाम लोक येण्या-जाण्याचा नव्हताच. पैसा देशात आणला की कर, म्हणून श्रीमंत माणूस लंडनमध्ये राहून पैसा ब्रिटनबाहेर, जर्सी बेटावर ठेवत होता. आपल्या आरएनओआरची रचना याबाबतीत शहाणी आहे: बाहेर मिळालेला पैसा नंतर पुण्यात आणून घर घेतलं, धंद्यात घातला, तरी कर लागत नाही.

शेजारी देशही गप्प बसत नाहीत. पोर्तुगालमध्ये फिनलंडच्या निवृत्तांची पेन्शन करमुक्त होऊ लागली, तेव्हा फिनलंडने पोर्तुगालशी करारच मोडला, २०१९ पासून. स्वीडनने २०२२ पासून तेच केलं. अमिरातीनेही वैयक्तिक आयकर न लावता पैसा दुसरीकडून काढलाय: २०१८ पासून ५ टक्के व्हॅट, जून २०२३ पासून ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या धंद्याच्या नफ्यावर ९ टक्के. फ्रीलान्सर म्हणून तिथे जाणाऱ्याने हा दुसरा आकडा बघावा.

फी आणि हातात काय यायला हवं

फीचे तीन प्रकार आढळतात. ठोक फी, ही सगळ्यात स्वच्छ. वाचलेल्या कराचा टक्का, हे मागणारा सनदी लेखापाल असेल तर काही अपवाद सोडता तो आपल्याच संस्थेच्या आचारसंहितेच्या बाहेर जातोय. तिसरा प्रकार ‘फी नाही, फक्त फ्लॅट आमच्याकडून घ्या’. तो सल्ला नव्हे, विक्री आहे. परदेशी कायद्याचा भाग पुण्यातला लेखापाल स्वतः सांगत असेल तर त्या देशातल्या परवानाधारकाचं लेखी मत सोबत मागावं. ते मत कोणाच्या नावे आहे तेही बघावं. सल्लागाराच्या नावे असेल तर चूक झाल्यावर तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवू शकत नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी हे कागद हातात हवेत: मागच्या १० वर्षांचा दिवसांचा तक्ता एक्सेलमध्ये, प्रत्येक ओळीपुढे पासपोर्टचं पान किंवा बोर्डिंग पास, दोन्ही देशांची मोजण्याची रीत वेगळी लिहिलेली, कारण ब्रिटन मध्यरात्री मोजतं, अमिरात दिवसाचा तुकडाही धरते आणि आपल्याकडे येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरणं सुरक्षित, दर वर्षाचा आयकराचा आणि फेमाचा दर्जा वेगवेगळ्या रकान्यांत, बँकखाती कधी बदलायची त्या तारखा, आणि सवलत बंद झाली तर पहिल्या वर्षाचा अंदाजे कर किती. दुबईच्या स्मार्ट गेटमधून गेल्यावर पासपोर्टवर शिक्का पडत नाही, तेव्हा बोर्डिंग पासांचे फोटो आतापासूनच एका फोल्डरमध्ये टाकत जा.